बोका, भडंग आणि हळद

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या सदराकडे एरवी लेन्स, ट्रायपॉड आणि मेमरी कार्डाचे प्रश्न येतात. सातारा-सांगलीकडून या वेळी आलेली पत्रं मात्र छायाचित्रकारांच्या गटांबद्दल आहेत. फोनवर जमलेल्या मंडळींत काही शब्द, काही थट्टा कशी रुजते, एखादं बाहुलं सगळ्यांचं कसं होतं आणि त्यात बिघडतं काय, असं बहुतेकांनी विचारलं आहे. बोक्याच्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण त्यात करून बघण्यासारखं खूप आहे.

प्रश्न : आमच्या गटात एकाने 'बोके' (फोटोतला मागचा धूसरपणा) ऐवजी 'बोका' लिहिलं. तेव्हापासून मागचं धूसर झालेला फोटो आला की सगळे मांजराचं चित्र टाकतात. हे असंच रुजतं का? आता गटाची खूण म्हणून खरोखरचा बोका शिवायचा आहे. तो सहलींना नेता यावा. कसा करावा? (एक वाचक, मिरज)

रुजण्याची रीत बहुतेक ठिकाणी हीच असते. ठरवून घातलेली थट्टा आठवड्यात विरते. रोजच्या बोलण्यात एखाद्या गोष्टीला नाव लागतं आणि सोयीचं नाव हाताशी नसतं, तिथे अडखळलेला उच्चारसुद्धा चिकटून बसतो. जगभर चालणारा 'चिंपिंग' हा शब्द घ्या. प्रत्येक फोटोनंतर कॅमेऱ्यामागचा पडदा बघायचा आणि चिंपांझीसारखं 'ऊ ऊ' करायचं, त्यावरून तो आला. त्या सवयीला दुसरं आटोपशीर नाव नव्हतं, म्हणून टिकला.

'बोके' हा शब्द तर प्रवासाला निघाला तोच उच्चाराची अडचण घेऊन. जपानीत त्याचा अर्थ धूसरपणा. १९९७ मध्ये 'फोटो टेक्निक्स' या अमेरिकी मासिकात या विषयावर लेख आले, तेव्हा संपादक माइक जॉन्स्टन यांनी इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी एच जोडला, कारण नाहीतर वाचक 'बोक' म्हणाले असते. मराठीत ही अडचणच नाही. जपानी उच्चार आपल्याला 'बोके' असाच ऐकू येतो आणि ते आपल्याकडे बोक्याचं अनेकवचन आहे. तुमची थट्टा भाषेतूनच उगवली आहे, म्हणून ती टिकेल.

लेन्सही तुमच्या बाजूने आहे. लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवलं, म्हणजे ५० मिमी लेन्स एफ १.८ वर (एफचा आकडा लहान तितकं छिद्र मोठं), की चौकटीच्या मधल्या भागात मागचे दिवे गोल दिसतात आणि कोपऱ्यांकडे ते लिंबासारखे चपटे होतात. तिरक्या येणाऱ्या किरणांना लेन्सच्या नळीची कड आडवी येते, त्यामुळे असं होतं. या चपट्या ठिपक्यांना छायाचित्रणात मांजराचे डोळेच म्हणतात. एफ २.८ पर्यंत छिद्र लहान केलं की कोपऱ्यातले ठिपके बरेचसे गोल होतात, पण सगळेच आकाराने कमी होतात आणि काही लेन्समध्ये छिद्राच्या पात्यांचे कोन दिसू लागतात. बोका समोर बसवून हे सगळं एका संध्याकाळी शिकवता येतं. म्हणून बोका नुसता गोंडस करू नका, कामाचा करा.

उंची ९ ते १० सेमी, बैठक सपाट. कापड मांजरपाट घ्या. तो चमकत नाही, त्यावर उन्हाचा चट्टा उठत नाही. लोकरीने विणलेला बोका छान दिसतो, पण लोकरीचे तंतू बॅगेत पसरतात, लेन्स बदलताना आत जातात आणि सेन्सरवर बसतात. विणायचाच असेल तर सुती मर्सराइज्ड दोरा वापरा आणि बोका कायम झिपच्या पिशवीत ठेवा. आत कापूस भरू नका. आपल्याकडच्या पावसात तो पाणी धरून ठेवतो आणि दोन दिवसांत कुबट वास येतो. उशीत भरतात तो पॉलिएस्टर फायबर घ्या. बुडाशी छोट्या कापडी पिशवीत ३०-४० ग्रॅम वजनाचे लोखंडी नट शिवून टाका. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या पठारावर बिनवजनाचा बोका एका झुळकीत आडवा होतो.

डोळ्यांना ६ ते ८ मिमीचे काळे चकचकीत मणी लावा. प्रकाश कुठून आणि किती मोठ्या उगमातून येतोय ते त्या मण्यांत दिसतं. खिडकी असेल तर चौकोन, उघडा बल्ब असेल तर टाचणीएवढा ठिपका. पाठीवर ग्रे कार्डाचा, म्हणजे रंग जुळवायच्या राखाडी पुठ्ठ्याचा, ४ बाय ४ सेमीचा तुकडा चिकटवा. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेली) असेल तर नंतर फोटोच्या ॲपमधला आयड्रॉपर त्या तुकड्यावर टेकवून रंग ताळ्यावर आणता येतात. कॅमेऱ्यातच कस्टम व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगांची जुळवणी) घ्यायचा तर मधला भाग राखाडीने भरावा लागतो आणि एवढासा तुकडा पुरत नाही, त्यासाठी पूर्ण कार्ड वेगळं बाळगा. मांजरपाटावरून मात्र रंग ताळू नका, तो मुळातच पिवळट असतो. पांढऱ्याशुभ्र कापडाचाही भरवसा नाही, कारण धुण्याच्या पावडरमधल्या उजाळकांमुळे ते फ्लॅशमध्ये निळसर येतं.

शेपटी बरोबर १० सेमीची, आत तार घातलेली, आणि दर सेंटिमीटरला काळ्या दोऱ्याचा वेढा. फुलाशेजारी धरली की मोजपट्टी झाली. मिशा तंगुसाच्या लावा. फोनच्या पोर्ट्रेट मोडला त्या ओळखता येत नाहीत आणि तो त्या पार्श्वभूमीबरोबर पुसून टाकतो. कुठल्या फोनने किती मिशा राखल्या हे बघणं हाच त्या मोडचा कस.

आता चाचणी. क्रॉप (लहान आकाराच्या) सेन्सरचा कॅमेरा, ५० मिमी, एफ १.८. बोका १ मीटरवर ठेवला तर स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढे-मागे जेवढं स्पष्ट येतं ते अंतर, सुमारे पावणेतीन सेमी मिळते, म्हणजे डोळे आणि कान दोन्ही सांभाळता येतात. कॅमेरा ४५ सेमीवर नेला की तीच खोली अर्ध्या सेमीच्या आसपास येते. डोळा साधला तर कान गेला. बहुतेक नवशिक्यांचे फोटो इथे फसतात आणि दोष लेन्सला दिला जातो. मागे दिवाळीची माळ लावा. बोका १ मीटरवर आणि माळ कॅमेऱ्यापासून ५ मीटरवर असेल तर प्रत्येक दिव्याचं वर्तुळ चौकटीच्या रुंदीच्या साधारण विसाव्या हिश्श्याएवढं येतं. माळ बोक्याच्या मागे ३० सेमीवर आणली तर वर्तुळ आधीच्या वर्तुळाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान होतं. 'माझ्या लेन्सला बोके येत नाहीत' या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा माळ मागे सरकवण्यात असतं.

प्रश्न : गटात 'भडंग' आणि 'हळद लागली' असे शेरे चालतात. नवे सभासद गोंधळतात, काही दुखावतातही. हे शब्द बंद करावेत का? (एक वाचक, सांगली)

बंद करू नका. दोन्ही शब्द नेमके आहेत आणि सांगलीचेच आहेत. कमी प्रकाशात काढलेल्या फोटोच्या काळोख्या भागात जे लाल-हिरवे दाणे उठतात ते खरोखर तिखट लावलेल्या भडंगासारखे दिसतात. हळदीच्या बाजारपेठेच्या गावात पिवळ्या बल्बखाली काढलेल्या फोटोला 'हळद लागली' म्हणणंही स्वाभाविक. अडचण शब्दांत नाही. शेरा मारून थांबलं की नवख्याला तो टोमणा वाटतो. शेऱ्यामागोमाग उपाय लिहायचा, एवढा एकच नियम करा.

भडंगाचा उपाय असा. दाणे आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) वाढवल्याने येतात असं सरसकट सांगतात, पण मूळ कारण सेन्सरवर पडलेला अपुरा प्रकाश हे आहे. आयएसओ ४०० वर ठेवून काळाकुट्ट फोटो काढायचा आणि नंतर तीन स्टॉप, म्हणजे आठपट, उजळायचा, त्यापेक्षा शटर आणि छिद्र तेच ठेवून सरळ ३२०० वर नीट उजेडाचा फोटो काढला तर दाणे बहुतेक कॅमेऱ्यांत कमी दिसतात, निदान वाढत तरी नाहीत. त्याआधी शटर किती खाली आणता येईल ते बघा. स्थिर मूर्तीला ट्रायपॉडवर १/४ सेकंदही चालतो, लेझीम खेळणाऱ्या मुलाला १/२५० च्या खाली जाता येत नाही.

हळदीत दोन प्रकार आहेत आणि ते वेगळे ओळखायला हवेत. बल्बची हळद उतरते. तो प्रकाश साधारण २७०० ते ३००० केल्विनचा (केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचं माप) असतो, व्हाइट बॅलन्स तिथे आणा, बास. मांडवाची हळद उतरत नाही. पिवळ्या कापडातून गाळून येणारा प्रकाश चेहऱ्याच्या वरच्या बाजूला पिवळा पडतो, बाजूने येणारं ऊन पांढरं राहतं आणि एकाच चेहऱ्यावर दोन रंग बसतात. केल्विनचा एकच आकडा दोन्हींना पुरा पडत नाही. माणसाला मांडवाच्या कडेला, उघड्या आभाळाकडे तोंड करून उभं करा, नाहीतर पांढऱ्या भिंतीवरून किंवा थर्माकोलवरून फ्लॅश परतवून त्याचा प्रकाश मांडवापेक्षा वरचढ करा.

शब्दांचा अर्थ गटाच्या वर्णनात लिहून ठेवा. व्हॉट्सॲपवर पिन केलेला संदेश जास्तीत जास्त ३० दिवस राहतो, वर्णन कायम राहतं. प्रत्येक शब्दापुढे एक ओळ आणि एक उपाय, त्याहून जास्त कुणी वाचत नाही.

प्रश्न : आयर्विन पुलाचा तोच तो फोटो दिवसातून कितीदा येतो त्यावरून 'आज पूल ४० फुटांवर' अशी थट्टा चालते. पावसाळ्यात एका सभासदाने रागाने गट सोडला. आमचं काय चुकलं? (एक वाचक, सांगली)

चुकलं ते वेळेचं. १९२९ च्या या पुलापाशी कृष्णा किती फूट, हे सांगलीतल्या घराघरांत विचारलं जातं. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांपुढे गेलं होतं. ज्याच्या घरात तेव्हा पाणी शिरलं त्याला हा आकडा फोनवर दिसला की आधी पोटात गोळा येतो, थट्टा नंतर कळते. त्या सभासदाला संदेश न पाठवता फोन करा आणि परत बोलवा.

भावनेइतकंच कामाचंही कारण आहे. तुमच्या गटातला संदेश पुढे ढकलला की थट्टेचा संदर्भ मागे राहतो आणि आकडा पुढे जातो. 'पूल ४५ झाला' हे वाक्य नदीकाठच्या दुसऱ्या गटात पोचलं तर कुणीतरी घरातलं सामान हलवायला सुरुवात करेल. जून ते सप्टेंबर ही थट्टा पूर्ण बंद ठेवा. एरवीही 'फूट' हा शब्द काढून टाका, 'आजचे पूल सात' असं मोजा. तेवढ्याने गंमत कमी होत नाही.

पुराचे खरे फोटो टाकताना तारीख आणि वेळ फोटोच्या मजकुरात लिहा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की फाइलच्या आतली तारखेची माहिती निघून जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहते. जुने पुराचे फोटो दर पावसाळ्यात नवे म्हणून फिरतात ते यामुळेच. इतरांना कॅमेऱ्याची समज देणाऱ्या गटाने हे पथ्य पाळलंच पाहिजे.

प्रश्न : कासला आमचं बाहुलं फुलांत ठेवून फोटो काढायची पद्धत पडली आहे. वनस्पतींच्या अभ्यासकांनी हटकलं. आणि 'मिकी माऊस' हे फुलाचं नाव नक्की कुठून आलं? (एक वाचक, सातारा)

हटकलं ते योग्यच. कासच्या सड्यावर, म्हणजे पठारावर, जांभ्या कातळावर मातीचा अगदी पातळ थर आहे. सीतेची आसवे, दवबिंदू ही रोपं बोटभर उंचीची. शंभर ग्रॅमचं बाहुलं त्यांना आडवं करतं आणि ते ठेवायला गेलेला पाय त्याहून कितीतरी जास्त तुडवतो. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलेली ही जागा आहे. बाहुलं तिथे जमिनीला लागता कामा नये.

मग फोटो कसा? पायवाटेवर उभं राहून बाहुलं एका हातात, कॅमेऱ्यापासून ४०-५० सेमीवर धरा आणि फुलांचा पट्टा मागे येऊ द्या. एफ १.८ ठेवला तर मागे नुसता जांभळा-पिवळा धूर दिसेल. एफ ११ वर तेरड्याचे आणि सोनकीचे पट्टे ओळखू येतात. हात हलतो, म्हणून शटर १/२०० च्या खाली नेऊ नका, ढगाळ दिवशी त्यासाठी आयएसओ ८००-१६०० पर्यंत न्यावा लागला तर न्या.

'मिकी माऊस' म्हणजे स्मिथिया, आपल्याकडचा कवला. पिवळ्या पाकळीवर दोन लाल ठिपके, त्यामुळे चेहऱ्याचा भास होतो. पर्यटकांना ते नाव चटकन लक्षात राहतं आणि एकदा फोटोखाली लिहिलं गेलं की पुढचा प्रत्येक जण तेच लिहितो. गटातली थट्टा गटाबाहेर जाऊन नाव होऊन बसते, त्याचं इतकं जवळचं उदाहरण दुसरं नाही. 'सीतेची आसवे' हेही कुणीतरी बघून दिलेलंच नाव, पण त्या नावात पाकळीचा आकार आहे आणि इथली कथाही आहे. आमचं मत स्पष्ट आहे : मिकी माऊस लिहा हवं तर, पण त्याच ओळीत कवला लिहा. मराठी नाव फोटोखालून गेलं की काही वर्षांत तोंडातूनही जातं.

प्रश्न : बाहुल्याचे स्टिकर करायचे आहेत. कडा फाटल्यासारख्या येतात. (एक वाचक, कराड)

फोटो चुकीच्या पार्श्वभूमीवर काढताय. मांजरपाटाचं बाहुलं पांढऱ्या भिंतीसमोर ठेवलं तर कापणाऱ्या ॲपला कड सापडत नाही. मागे गडद निळा किंवा हिरवा कागद लावा, बाहुल्यापासून अर्धा मीटर मागे, म्हणजे कागदाचा रंग कडांवर पडणार नाही. खिडकीचा प्रकाश, छिद्र एफ ८, सगळं बाहुलं स्पष्ट यायला हवं. पोर्ट्रेट मोड नको. व्हॉट्सॲपसाठी फाइल ५१२ बाय ५१२ पिक्सेल, पारदर्शक पार्श्वभूमी, वेबपी प्रकारात, स्थिर स्टिकरसाठी १०० केबीच्या आत. चारी बाजूंना १६ पिक्सेल मोकळे सोडा आणि आकृतीभोवती ८ पिक्सेलची पांढरी कड द्या, नाहीतर काळ्या पडद्यावर काळे कान दिसत नाहीत. एका संचात कमीत कमी ३, जास्तीत जास्त ३० स्टिकर बसतात. सहा-सात पुरे. रोज लागणारे भाव घ्या : फोकस चुकला, क्षितिज तिरकं, छान प्रकाश, कार्ड भरलं.

प्रश्न : टी-शर्टवर प्रसिद्ध कार्टून छापलं तर चालेल का? गटातल्या एका मुलीने काढलेलं चित्रही आहे. (एक वाचक, कोरेगाव)

कार्टून नको. ते दुसऱ्याच्या मालकीचं आहे आणि 'आम्ही विकत नाही' म्हणून परवानगी मिळत नाही. त्या मुलीचंच चित्र घ्या, पण तेही आपोआप गटाचं होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पहिला हक्क चित्र काढणाऱ्याचा. हक्क गटाकडे घ्यायचा तर तिच्या सहीचा लेखी कागद लागतो. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. ती अठरा वर्षांखालची असेल तर पालकांशी बोलून, त्यांच्या सहीने कागद करा. खरं तर हक्क तिच्याकडेच राहू द्या आणि टी-शर्ट, स्टिकर, फलक यांवर वापरण्याची लेखी परवानगी घ्या. टी-शर्टच्या आतल्या बाजूला तिचं नाव छापा.

प्रश्न : एक सभासद मेमरी कार्ड घरी विसरला. तेव्हापासून त्याला 'कोरा' म्हणतात आणि जो विसरेल त्याने पाव किलो कंदी पेढे आणायचे असा दंड आहे. आता तो सहलींना येत नाही. (एक वाचक, वाई)

चुकीचं नाव माणसाला चिकटलं की असंच होतं. 'भडंग' फोटोला म्हणतात, 'हळद' फोटोला लागते, 'कोरा' मात्र माणसाला म्हटलं गेलं. नाव त्याच्यावरून काढून प्रसंगाला द्या : कुणाचंही कार्ड राहिलं की 'कोरी सहल'. हे गटाच्या चालकाने स्वतः, सगळ्यांसमोर सुरू करावं, आणि पहिले काही महिने कुणी जुनं नाव घेतलं तर तिथल्या तिथे थांबवावं. पेढ्यांचा दंडही बदला. प्रत्येकाला तो परवडतो असं नाही आणि न परवडणारा तसं बोलून दाखवत नाही. त्याऐवजी अजिंक्यताऱ्यावर सगळ्यांचे ट्रायपॉड वाहून नेणं, मेणवलीच्या घाटावर रिफ्लेक्टर धरणं असं काम द्या. त्यात माणूस सगळ्यांच्या मधोमध राहतो.

आणि सगळ्यांच्या कॅमेऱ्यांत एक सेटिंग आजच बदलून घ्या. पुष्कळ कॅमेरे कार्ड नसतानाही शटर मारू देतात, फोटो पडद्यावर क्षणभर दाखवतात आणि तो कुठेच साठत नाही. कॅननमध्ये 'रिलीज शटर विदाउट कार्ड' बंद करा. निकॉनमध्ये 'स्लॉट एम्प्टी रिलीज लॉक' हे 'लॉक'वर ठेवा. सोनीत 'रिलीज विदाउट कार्ड' हे 'डिसेबल' करा. मग कार्ड नसेल तर पहिलं बटण दाबतानाच कळेल. जादा कार्ड मात्र कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवू नका, तिथून ते लॅपटॉपला जातं आणि तिथेच राहतं. बोक्याच्या पोटाला चेन लावून आत ठेवा. बोका प्रत्येक सहलीला येतोच.